मायनर लीगचा फिरस्ता खेळाडू: 26 जागांच्या दाराबाहेरची नोकरी

3 ऑगस्ट 2015 रोजी टोलेडो मड हेन्स संघाच्या माइक हेसमनने ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे तिन्ही बेसवर आपले गडी उभे असताना होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका). अमेरिकी बेसबॉलच्या मायनर लीगमधला, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या लीगमधला, तो त्याचा 433 वा होम रन होता. बझ आर्लेटचा 432 होम रनचा विक्रम 1930 च्या दशकापासून टिकून होता, तो त्या फटक्याने मोडला. हेसमन तेव्हा 37 वर्षांचा होता. 1996 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला 15 व्या फेरीत घेतलं होतं. तिथून पुढे रिचमंड, टोलेडो, बफेलो, एक वर्ष जपानमध्ये ओरिक्सकडून, मग ओक्लाहोमा सिटी, लुइव्हिल आणि परत टोलेडो. इतक्या वर्षांत मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमध्ये, त्याच्या वाट्याला आले फक्त 109 सामने, 14 होम रन आणि .188 ची सरासरी. म्हणजे शंभर प्रयत्नांत एकोणीस हिटसुद्धा (बेसवर पोचवणारे फटके) नाहीत.

अशा खेळाडूला वीस वर्षं पगार देतं कोण, आणि कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर त्याच्या बॅटइतकंच संघांच्या कागदपत्रांत आहे. बेसबॉलच्या याद्या कशा चालतात हे एकदा कळलं की फिरस्त्या खेळाडूचं करिअर गूढ वाटत नाही. त्याची कामगिरी महत्त्वाची असतेच, पण जागा कुठे, कधी आणि किती दिवस रिकामी होते यावर त्याचं पोट चालतं.

संघ गावाचा, खेळाडू दुसऱ्याचा

मायनर लीग म्हणजे आपल्या रणजीसारखी देशांतर्गत स्पर्धा, असं समजलं तर पुढचं सगळं चुकत जातं. मुंबईचा रणजी संघ मुंबईचा असतो, निवड मुंबईची समिती करते आणि संघ जिंकायला खेळतो. मायनर लीगचा संघ वरच्या मेजर लीग संघाशी करारानं जोडलेला असतो. मैदान, तिकिटं, हॉट डॉगचे स्टॉल, गणवेशावरचं चित्रविचित्र नाव हे सगळं स्थानिक मालकाचं. पण खेळाडू, मॅनेजर, प्रशिक्षक आणि फिजिओ वरचा संघ पाठवतो आणि त्यांचे पगारही तोच देतो. आज रात्री कोणी किती चेंडू टाकायचे हेसुद्धा वरूनच ठरून येतं. एखादा पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) सुंदर टाकत असतानाही ठरलेली मर्यादा झाली की त्याला बाहेर काढतात, मग सामना हातचा गेला तरी चालतो.

न्यू जर्सीत एडिसन-ब्रिजवॉटर पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा फरक घराजवळच पाहता येतो. ब्रिजवॉटरचा सॉमरसेट पॅट्रिअट्स हा संघ 2020 पर्यंत अटलांटिक लीग या स्वतंत्र लीगमध्ये होता आणि आपले खेळाडू आपणच निवडत होता. 2021 पासून तो मेजर लीगमधल्या न्यूयॉर्क यँकीजचा डबल-ए (मायनरची वरून दुसरी पायरी) संघ झाला. मैदान तेच, नाव तेच, पण मैदानावर उभे असलेले सगळे जण आता यँकीजचे नोकर.

मेजर लीगमध्ये 30 संघ आहेत. 2021 च्या फेररचनेपासून प्रत्येकाच्या हाताखाली पूर्ण हंगाम खेळणारे चार संघ असतात: ट्रिपल-ए, त्याखाली डबल-ए, मग हाय-ए आणि सिंगल-ए. एकूण 120. त्याहूनही खाली ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या सराव-संकुलांतल्या लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. फेररचनेपूर्वी जोडलेले संघ 160 होते. ड्राफ्टही 40 फेऱ्यांवरून 20 वर आला. वरच्या संघाला अमेरिकेत किती मायनर खेळाडू ठेवता येतात याची मर्यादा 180 होती, ती 2024 मध्ये 165 झाली. या तिन्ही कपातींचा सर्वांत मोठा फटका ज्या एका वर्गाला बसला, तो म्हणजे हा लेख ज्यांच्याबद्दल आहे ते खेळाडू. पहिल्या फेरीतल्या मुलाला कोणी काढत नाही. जागा कमी झाल्या की जातो तो 27 वर्षांचा, तीन संघ फिरून आलेला इन्फिल्डर, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक.

मग त्याला ठेवतात तरी का?

कारण सामना नऊ जणांनी खेळायचा असतो. या 165 जणांमधले ज्यांच्यावर संघाची खरी आशा आहे असे मोजकेच. पण त्या मोजक्यांना रोज सामना हवा. वीस वर्षांच्या हुशार पिचरला चेंडू नीट झेलणारा कॅचर हवा, नाहीतर तो खाली पडणारा चेंडू टाकायलाच घाबरतो. नव्या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) थ्रोला पहिल्या बेसवर भरवशाचा माणूस हवा. बाकीच्या जागा भरणाऱ्याला तिथे सरळ ‘ऑर्ग गाय’ म्हणतात, म्हणजे संघटनेचा माणूस.

दुसरं कारण वरच्या पातळीचं. मेजर लीगचा हंगाम 162 सामन्यांचा असतो आणि तो साधारण सहा महिन्यांत संपवायचा असतो. एका वेळी खेळायला मोकळे 26 जण, सप्टेंबरात 28. पण दुखापतींमुळे वर्षभरात एका संघाकडून पन्नासच्या आसपास खेळाडू उतरतात. म्हणजे 26 जणांच्या मागे तितकेच तयार माणसं कुठेतरी बसलेली असावी लागतात, आणि ती ट्रिपल-ए मध्ये बसतात. वयाने मोठा, कुठल्याही दिवशी बोलावलं तरी न गडबडणारा, आणि बोलावलंच नाही तरी तोंड वाकडं न करणारा खेळाडू या कामाला लागतो.

दोन याद्यांमधली फट

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण सगळी मेख इथेच आहे.

प्रत्येक मेजर लीग संघाच्या दोन याद्या असतात. एक 26 जणांची, आज खेळू शकणाऱ्यांची. दुसरी 40 जणांची. यात ते 26 तर असतातच, शिवाय मायनरमध्ये राखून ठेवलेले तरुण असतात. 26 मध्ये यायचं तर आधी 40 मध्ये नाव असावं लागतं. फिरस्त्या खेळाडूचं नाव बहुतेक वेळा 40 मध्ये नसतं.

आता समजा वरच्या संघाचा तिसऱ्या बेसचा खेळाडू जखमी झाला. 40 मध्ये असलेला तरुण खाली आहे, तर त्याला बोलावणं सोपं: एक कागद, एक विमान. अशा बोलावण्याला ‘रिकॉल’ म्हणतात. पण फिरस्त्याला आणायचं तर त्याचा करार ‘सिलेक्ट’ करावा लागतो, आणि 40 ची यादी भरलेली असेल तर आधी कोणाला तरी बाहेर काढावं लागतं. त्याचे दोन मार्ग. कोणी लांबच्या दुखापतीने 60 दिवसांच्या यादीत गेला तर त्याची जागा 40 मधून मोकळी होते. नाहीतर कोणाला तरी ‘डीएफए’ करायचं, म्हणजे यादीतून काढून सात दिवसांच्या आत त्याचा निकाल लावायचा: अदलाबदल, वेव्हर्स किंवा सुटका. वेव्हर्समध्ये बाकीच्या 29 संघांना त्याला घेण्याची संधी मिळते.

त्यामुळे फिरस्त्याला बोलावण्याची संघाला किंमत मोजावी लागते, आणि काम झाल्यावर त्याला परत पाठवण्याचीही. तरुणाकडे ‘ऑप्शन’ असतात: तीन हंगाम त्याला वेव्हर्सशिवाय वरखाली करता येतं. एका हंगामात खाली 20 दिवसांपेक्षा कमी काढले तर तो ऑप्शन खर्ची पडत नाही. 2022 पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. खाली गेलेल्या फलंदाजाला 10 आणि पिचरला 15 दिवस तिथे काढावे लागतात, मात्र तो कोणा जखमी माणसाच्या जागी येत असेल तर ही अट लागू होत नाही. ज्याचे ऑप्शन संपलेत त्याला खाली पाठवायचं म्हणजे 40 मधून काढून वेव्हर्समधून पार करायचं. कोणी घेतलं नाही तर ‘आउटराइट’ होऊन तो मायनरमध्ये जातो. पहिल्या वेळी त्याला नकार देता येत नाही. पूर्वी एकदा आउटराइट झालेला किंवा मेजर लीगमध्ये तीन वर्षांची सेवा झालेला खेळाडू नकार देऊन मोकळा होऊ शकतो.

हे नियम लक्षात ठेवून एखाद्या संघाच्या रोजच्या हालचालींची यादी वाचा, मग कळेल की ‘सिलेक्टेड’ या एका शब्दामागे बहुधा कोणाची तरी नोकरी गेलेली असते, आणि जो आला त्याचीही आठवड्याभरात जाऊ शकते.

ड्रू मॅगीचं उदाहरण या सगळ्याचं आहे. पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला 2010 मध्ये 15 व्या फेरीत घेतलं. मग तो इतर संघांच्या मायनरमध्ये फिरला. सप्टेंबर 2021 मध्ये मिनेसोटा ट्विन्सने त्याला वर बोलावलं, गणवेश दिला, आणि एकदाही न उतरवता परत पाठवलं. अधिकृत नोंदीत त्याचं पदार्पण झालंच नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये तो पायरेट्सच्या आल्टूना इथल्या डबल-ए संघात होता. वरचा ब्रायन रेनॉल्ड्स घरच्या दुःखामुळे शोक-रजेच्या यादीवर गेला. ही यादी तीन ते सात दिवसांची असते. तेवढ्या फटीतून 26 एप्रिल 2023 रोजी मॅगी पिट्सबर्गच्या मैदानावर बदली फलंदाज म्हणून उतरला. वय 33, मायनर लीगचे 1,155 सामने पाठीशी. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो स्ट्राइक आउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. तीन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये त्याला पहिली हिट मिळाली, आणि लवकरच तो परत आल्टूनाला गेला.

डबल-ए मधून त्याला का उचललं, ट्रिपल-ए मध्ये माणसं नव्हती का? होती. पण चार-पाच दिवसांच्या कामासाठी आशेचा तरुण 40 मध्ये घातला तर त्याला तिथून काढताना दुसरा संघ उचलण्याचा धोका असतो. 33 वर्षांच्या मॅगीला वेव्हर्समध्ये कोणी घेणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. फिरस्त्याची हीच सोय असते, आणि हेच त्याचं दुखणं.

पैशांचा हिशोब

2023 पर्यंत मायनरचा पगार लाजिरवाणा होता. ट्रिपल-ए मध्ये वर्षाला किमान 17,500 डॉलर, डबल-ए मध्ये 13,800, त्याखाली 11,000 आणि संकुल लीगमध्ये 4,800. वसंतातल्या सरावाचे पैसेच नव्हते. खेळाडूंनी 2014 मध्ये किमान वेतनासाठी दावा लावला आणि 2022 मध्ये तो 18.5 कोटी डॉलरवर मिटला. त्याच वर्षी मायनरचे पाच हजारांहून अधिक खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत आले. 2023 ला पाच वर्षांचा करार झाला आणि किमान पगार असे ठरले: संकुल 19,800, सिंगल-ए 26,200, हाय-ए 27,300, डबल-ए 30,250, ट्रिपल-ए 35,800 डॉलर. घराची जबाबदारी 2022 पासून संघांवर आहे, आणि नव्या कराराने डबल-ए व ट्रिपल-ए मधल्या खेळाडूला स्वतंत्र खोली मिळाली. पूर्वी दोन खोल्यांत पाच-सहा जण हवेच्या गाद्यांवर झोपत. बढती झाली की मागच्या शहरातलं भाडं अंगावर राहायचं. म्हणजे वर जाण्याच्या आनंदालाही दंड.

हे किमान आकडे तरुणांसाठी. अनुभवी खेळाडू मोकळा झाल्यावर वाटाघाटी करतो आणि ट्रिपल-ए मध्ये किमान पगाराच्या कितीतरी पट मिळवू शकतो. त्याचा करार दोन दरांचा असतो: खाली असताना एक, वर असताना दुसरा, दिवसाच्या हिशोबाने. वरचा किमान पगार 2025 मध्ये 7,60,000 डॉलर होता. हंगामाच्या दिवसांनी भागलं तर दिवसाला चार हजारांहून थोडे जास्त. म्हणजे वर दहा दिवस काढले तर 40,000 डॉलर, ट्रिपल-ए च्या 2023 मधल्या अख्ख्या वर्षाच्या किमान पगारापेक्षा जास्त. खेळाडू तीन दिवसांच्या बोलावण्यासाठी रात्रभर प्रवास का करतात हे या भागाकारावरून कळतं.

आणखी एक बारीक गोष्ट. वर असताना दुखापत झाली तर मेजर लीगच्या जखमी यादीवरही वरचा पगार आणि सेवेचे दिवस चालू राहतात. खाली असताना तीच दुखापत झाली तर खालचाच पगार. बोलावण्याच्या आदल्या दिवशी मांडीचा स्नायू दुखावला तर त्याची किंमत लाखोंत जाऊ शकते. म्हणूनच बरेच जण दुखणं लपवून खेळतात आणि ते वाढवून घेतात.

जागा कोणाला मिळते

26 जणांत पिचर जास्तीत जास्त 13. उरले 13. त्यांतले नऊ रोजच्या फलंदाजीच्या क्रमात. उरले चार, त्यांतला एक राखीव कॅचर. म्हणजे बाकावर तीन जागा, आणि त्यांत संपूर्ण इन्फिल्ड आणि आउटफिल्ड सांभाळायचं. म्हणून एकाच जागी उभा राहून मोठे फटके मारणाऱ्याला तिथे वाव नसतो. हेसमन अडकला तो इथेच. त्याची ताकद खरी होती, पण तो स्ट्राइक आउट खूप व्हायचा आणि मुख्यतः पहिल्या-तिसऱ्या बेसचा माणूस होता. तिथे प्रत्येक संघाकडे रोज खेळणारा मोठा फलंदाज असतोच. ट्रिपल-ए साठी जास्त चांगला आणि मेजरसाठी कमी पडणारा अशा खेळाडूला ‘फोर-ए’ म्हणतात, म्हणजे प्रत्यक्षात नसलेल्या पायरीचा.

उलट, दुसरा बेस, शॉर्टस्टॉप, तिसरा बेस आणि डावं आउटफिल्ड असं सगळं जमणारा साधारण फलंदाज दहा-बारा वर्षं टिकतो. 25 व्या वर्षानंतर समजदार खेळाडू पहिली गोष्ट करतो ती म्हणजे दुसरा ग्लव्ह घेऊन सकाळच्या सरावाला जातो.

कॅचरची नोकरी सगळ्यांत पक्की. प्रत्येक पातळीवर दोन-तीन लागतातच. फेब्रुवारीतल्या सराव-शिबिरात डझनावारी पिचर एकाच वेळी टाकत असतात आणि प्रत्येकाला समोर झेलणारा लागतो, म्हणून 40 मध्ये नसलेल्या कॅचरनाही तिथे आवर्जून बोलावतात. फलंदाजी .210 ची असली तरी पिचरना त्याच्यावर विश्वास असेल तर त्याला काम मिळत राहतं.

डावखुऱ्या रिलीफ पिचरचंही (सामन्यात मागाहून येणाऱ्या) पूर्वी असंच होतं. एका डावखुऱ्या फलंदाजाला बाद करायचं आणि बाहेर जायचं, एवढ्या कामावर लोक चाळिशीपर्यंत पोचले. 2020 मध्ये नियम आला की आलेल्या पिचरने किमान तीन फलंदाजांना टाकायचं किंवा डाव संपवायचा. या एका ओळीने तो पेशाच जवळपास संपला. उजव्या फलंदाजांविरुद्ध काम करणारा चेंडू ज्यांनी शिकून घेतला ते राहिले.

आकडे वाचतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ट्रिपल-ए च्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की, रेनोसारखी उंचावरची मैदानं आहेत. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. तिथे .300 मारणारा फलंदाज दिसतो त्यापेक्षा साधा असू शकतो, आणि नऊ डावांमागे 5.00 च्या आसपास धावा देणारा पिचर दिसतो त्यापेक्षा बरा. संघ आता सरासरीपेक्षा चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला आणि पिचरचा चेंडू किती इंच सरकला हे बघतात. फिरस्त्यांना हे वरदानच ठरलं आहे: आकडे पडलेले असले तरी एखादा चेंडू चांगला आहे हे दाखवता येतं.

नोव्हेंबर महिना

ठरावीक हंगाम मायनरमध्ये काढल्यावर, 40 च्या यादीत नाव नसेल तर, खेळाडू वर्ल्ड सिरीजनंतर (मेजर लीगच्या अंतिम मालिकेनंतर) आपोआप मोकळा होतो. ही मुदत सात हंगामांची होती. 2024 पासून 19 किंवा जास्त वयात सही करणाऱ्यांसाठी ती सहा झाली. तोवर त्याला संघ निवडता येत नाही. मोकळा झाल्यावर मात्र हा निर्णय पूर्ण कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा ठरतो, आणि बरेच जण इथेच चुकतात. जास्त पैसे देणारा संघ निवडतात आणि बघतात तर त्याच जागेवर 40 मधले तीन तरुण रांगेत उभे.

चांगला एजंट आधी वरच्या संघाची यादी उघडतो. या जागी पुढे कोण, त्याचं वय काय, त्याला दुखापती होतात का, 40 मध्ये राखीव किती, त्यांच्याकडे ऑप्शन किती. मग सराव-शिबिराचं निमंत्रण मिळतंय का ते बघतो, कारण वरच्या मॅनेजरने प्रत्यक्ष पाहिलेला माणूस जूनमध्ये आठवतो. मग करारात सुटकेची तारीख घालून घेतो: अमुक दिवसापर्यंत वर घेतलं नाही तर मी जाऊ शकतो. अशी तारीख जवळ आली की संघाला निर्णय घ्यावाच लागतो. आशियातल्या क्लबकडून मागणी आली तर सोडावं, अशीही अट असते. पिचरसाठी ट्रिपल-ए चं मैदान कुठे आहे हेही महत्त्वाचं, कारण अल्बुकर्कीतले दोन वाईट महिने पुढच्या करारावर दिसतात.

हे करार हमीचे नसतात. नारळ मिळण्याच्या वेळा सगळ्यांना माहीत असतात: मार्चअखेर शिबिर संपताना, जुलैत ड्राफ्टची नवी मुलं आल्यावर, आणि हंगाम संपल्यावर. 165 ची मर्यादा असल्यामुळे वीस नवे आले की तितकेच जुने जातात. सांगायला वेळ लागत नाही. सकाळी प्रशिक्षकाच्या खोलीत बोलावतात, पाच मिनिटांत किट आवरायला सांगतात.

एप्रिल ते सप्टेंबरचं आयुष्य मात्र ठरीव. ट्रिपल-ए मध्ये 150 सामने, डबल-ए मध्ये 138, खालच्या दोन पातळ्यांवर 132. एका शहरात मंगळवार ते रविवार सहा सामने, सोमवार सुट्टीचा आणि बहुधा प्रवासाचा. सात वाजताच्या सामन्यासाठी दुपारी एक-दोनला मैदानावर. खालच्या पातळ्यांवर रात्रभर बस, ट्रिपल-ए मध्ये अनेकदा पहाटेचं विमान.

दार बंद झालं तर

नारळ मिळालेल्याचा पहिला थांबा म्हणजे स्वतंत्र लीग: अटलांटिक लीग, अमेरिकन असोसिएशन, फ्रंटियर लीग. तिथे पगार कमी आणि मोठ्या संघाची छत्रछाया नाही, पण तो दर संध्याकाळी खेळत राहतो, आणि ट्रिपल-ए मध्ये अचानक तीन पिचर जखमी झाले की फोन तिथेच येतो. म्हणून ‘घरी सराव करतो’ म्हणणारा मागे पडतो. मेक्सिकन लीग उन्हाळ्यात चालते आणि अनुभवी फलंदाजांना चांगले पैसे देते. ऑक्टोबर ते जानेवारीत डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, पोर्तो रिको आणि मेक्सिकोत हिवाळी लीग असतात. तिथे प्रेक्षक जिंकण्यासाठी येतात, शिकणाऱ्यांना बघायला नाही. परदेशी खेळाडूचे तीन-चार सामने वाईट गेले की परतीचं तिकीट हातात देतात.

खरी उडी कोरियाची. कोरियाच्या लीगमध्ये अनेक वर्षं प्रत्येक संघाला तीनच परदेशी खेळाडू घेता येत होते. नव्या परदेशी खेळाडूला पहिल्या वर्षी, जुन्या संघाला द्यायच्या रकमेसह, दहा लाख डॉलरची मर्यादा आहे. ट्रिपल-ए मध्ये अडकलेल्याला ही रक्कम कधीच दिसलेली नसते. मेरिल केली 2010 मध्ये टॅम्पा बे रेजकडे आला, ट्रिपल-ए पर्यंत पोचला आणि वर कधी गेलाच नाही. 2015 ते 2018 तो कोरियात एसके वायव्हर्न्सकडून खेळला. तिथे दर काही दिवसांनी सामन्याच्या पहिल्या चेंडूपासून टाकायचं, दमदार फलंदाजांना सहा-सात डाव टाकायचे, हे चार वर्षं केलं. 2019 मध्ये ॲरिझोना डायमंडबॅक्सने त्याला घेतलं आणि वयाच्या 30 व्या वर्षी त्याचं मेजर लीग पदार्पण झालं. 2023 च्या वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना त्याने जिंकून दिला: सात डाव, एक धाव, नऊ स्ट्राइक आउट. कोरियाला गेलेल्या सगळ्यांचं असं होत नाही. बरेच जण एका हंगामात परत येतात, पण तेवढ्या एका हंगामाने घराचं कर्ज फिटू शकतं.

या शिडीची खालची पायरी किती निसरडी असते हे भारतातल्या दोघांनी अनुभवलं आहे. उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल 2008 मध्ये टीव्हीवरच्या शोध-स्पर्धेतून निवडले गेले आणि पायरेट्सशी करार झालेले पहिले भारतीय ठरले. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातात घेतलेला नव्हता. दिनेश दोन हंगामांनी मोकळा झाला. रिंकू सिंगल-ए पर्यंत पोचला आणि पुढे कोपराच्या शस्त्रक्रियेत अडकला. ही कोपराची शस्त्रक्रिया झाली की पिचरला परतायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. आशेच्या तरुणाची संघ वाट बघतो, फिरस्त्याची सहसा नाही.

किती दिवस बाकी आहेत

थांबायचं कधी, याचा हिशोब पुष्कळदा दिवसांत होतो. मेजर लीगमध्ये 172 दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. एक दिवस जरी वर काढला तरी आरोग्यविम्याच्या योजनेत नाव राहतं. 43 दिवस झाले की किमान निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. त्यामुळे कोणाच्या खात्यात 31 दिवस असतील, तर 34 व्या वर्षीही तो नोव्हेंबरात आणखी एका मायनर करारावर सही करतो. बाहेरून तो हट्ट वाटतो, पण त्याला 12 दिवस हवे असतात, आणि ते एखाद्याच्या 15 दिवसांच्या दुखापतीतून मिळू शकतात. ज्याच्या खात्यात शून्य दिवस आहेत आणि घरी दोन मुलं आहेत, त्याचा हिशोब वेगळा.

ज्यांना हा खेळ सोडवत नाही ते प्रशिक्षक होतात. संघ त्यांना आवडीने घेतात, कारण वीस वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा आउटराइट झाल्यावर काय करायचं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. हेसमनही टोलेडोचा वरचा संघ असलेल्या डेट्रॉइट टायगर्सच्या यंत्रणेत फलंदाजीचा प्रशिक्षक झाला, त्याच संघाच्या मायनरमध्ये, ज्याच्यासाठी त्याने तो 433 वा फटका मारला होता. सिंगल-ए ची बस, रात्रीचा प्रवास, तेच सोमवार. पगार मात्र आता वर्षभराचा.